चितपट झाल्यावरची कुस्ती

आमच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर ग्रॅपलिंगचा क्लास सुरू झाला, तेव्हा मी पहिल्यांदा वर गेले ती भांडायला. संध्याकाळी छतावर धाडधाड आवाज व्हायचे आणि रॅकमधल्या रक्ताच्या नळ्या किणकिणायच्या. त्या दिवशी एका आजोबांची शीर सापडत नव्हती. शेवटी सापडली, सुई टोचणार एवढ्यात वर काहीतरी असं आदळलं की आजोबांनी हातच मागे घेतला. मी सुई ठेवली, ग्लोव्हज काढले आणि तरातरा जिना चढले.

वर पाहते तो काय, हॉलभर मॅट अंथरलेल्या आणि मधोमध पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ पाठीवर पडलेले. त्यांच्या छाताडावर मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात काम करणारा एक आडदांड गडी बसला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काही खरं नाही. पण ते खालून अगदी निवांत बोलत होते. "आता बघा हां, ह्याला वाटतंय हा वर आहे," ते बाकीच्यांना म्हणाले. पुढच्या क्षणी त्यांचे दोन्ही पाय त्या गड्याच्या मानेभोवती असे आवळले गेले की त्याचा चेहरा लालबुंद झाला. त्याने मॅटवर थापा मारल्या, पाय सुटले, आणि दोघे हसत उठून बसले.

भांडण राहिलं बाजूला. "हे काय होतं?" एवढंच मी विचारलं. एखादी गोष्ट कळली नाही की मला चैन पडत नाही, हा माझा जुना आजार आहे आणि त्याची तपासणी आमच्या लॅबमध्ये होत नाही.

ते गृहस्थ, म्हणजे पुढे माझे सर, बोटीवर इंजिनियर होते. ब्राझीलच्या एका बंदरात त्यांची बोट दुरुस्तीसाठी अडकून पडली, तेव्हा वेळ घालवायला ते तिथल्या एका आखाड्यात शिरले. मग पुढे प्रत्येक बंदरात त्यांनी तेच शोधलं. निवृत्त होऊन रत्नागिरीला आल्यावर त्यांनी हा हॉल भाड्याने घेतला. त्यांनी मला खेळ समजावला. पाडलंत तर गुण मिळतात, पण खरा विजय वेगळा. समोरच्याचा सांधा पिरगाळून किंवा गळा आवळून त्याच्याकडून हार कबूल करून घ्यायची. त्याने थाप मारली की संपलं. तोवर चालूच.

"आणि पाठ टेकली तर?" मी विचारलं.

"टेकू दे की. पाठ टेकली म्हंजे काय मेला नाय तो."

हे वाक्य मी घरी जाऊन कुणाला सांगूही शकत नव्हते, कारण घरी बाबा होते.

बाबा मूळचे सांगलीकडचे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली म्हणून रत्नागिरीला आले आणि इथलेच झाले, पण बोली तिकडचीच राहिली आणि शरीरही. तरुणपणी त्यांनी जत्रांमधून कुस्त्या केल्या होत्या. इथे आल्यावर आमच्या घरामागे त्यांनी कुस्तीच्या मातीचा एक छोटा हौदा केला. इथली माती खडेवाली, जांभ्याची. ती चाळून चाळून त्यांनी मऊ केली, तीत तेल आणि ताक ओतलं, आणि आसपासच्या मुलांना शिकवायला लागले. मी मुलगी म्हणून त्यांनी मला वगळलं नाही. आईने कपाळावर हात मारून घेतला, पण मी वयात येईपर्यंत त्या मातीत खेळले. बाबांच्या शिकवणीत तत्त्व एकच होतं. पाठीला माती लागली की माणूस संपला. दोन्ही खांदे टेकले की वरच्याने ताबडतोब सोडायचं, बाजूला व्हायचं आणि वस्तादाच्या पायाला हात लावायचा. पडलेल्याला धरून ठेवणं त्यांच्या मते हलकटपणा होता.

पुढे मुलं क्रिकेटकडे वळली, हौद्यात अळू उगवलं. आणि आई गेल्यावर बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले ते बसलेच. चहा दिला की घ्यायचे, पेपर दिला की हातात धरायचे. मी काही विचारलं तर 'हं' म्हणायचे. जत्रेतल्या आरोळ्यांनी ज्याचा आवाज कमावलेला होता त्या माणसाच्या तोंडी 'हं' ऐकून मला रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग येतो.

मी क्लासला जायला लागले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. गुडघे कुरकुरत होते, पण कुतूहल गुडघ्यांचं ऐकत नाही. एका संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "चला, तुम्हाला एक कुस्ती दाखवते." त्यांनी 'हं' म्हटलं, पण उठले.

हॉलच्या दारात ते चप्पल काढून उभे राहिले. आत सर नेहमीसारखे पाठीवर पडून त्या बर्फवाल्याशी झुंजत होते. बाबांनी थोडा वेळ पाहिलं आणि मग कित्येक महिन्यांत मी ऐकला नव्हता त्या आवाजात गरजले, "अरं, चीत झालाय की गडी! पंच कुठं हाय?"

सगळा हॉल थांबला. सर खालूनच म्हणाले, "या वस्ताद, या. पंच नाय ह्या हॉलात."

"मग कुस्ती संपायची कशी?"

"तीच तर गंमत आहे."

बाबांना गंमत अजिबात वाटली नाही. घरी येईपर्यंत ते बडबडत होते. आपणहून पाठीवर लोळणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. लाज नाही, शरम नाही, वर मुलांना शिकवतोय! मी गप्प राहून ऐकत होते, कारण त्या अर्ध्या तासात ते जेवढं बोलले तेवढं वर्षभरात बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते स्वतःच धोतर झटकून तयार. "चल, त्या कप्तानाला इचारायचं हाय," म्हणाले.

"अहो मी इंजिनातला माणूस," सर दरवेळी सांगायचे, पण बाबांनी त्यांना कप्तानच ठरवून टाकलं होतं. त्या दिवशीचा वाद मला अजून आठवतो. सरांचं म्हणणं होतं, की उभा असताना माणसाचे पाय त्याला उभं धरण्यात गुंतलेले असतात. पाठ टेकली की ते मोकळे होतात आणि माणसाला चार हात होतात. बाबा म्हणाले, "वाघ कधी झोपून शिकार करतो व्हय?" सर म्हणाले, "वाघ लांब राहिला. तुमच्याकडे मांजर असेल ना? ती पाठीवर पडली की जवळ जाऊन बघा."

आमच्याकडे मांजर होती. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून जेवायला घरी आले तर बाबा व्हरांड्यात जमिनीवर बसलेले, समोर मांजर उताणी आणि बाबांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. मी आरडाओरडा केला, इंजेक्शनं द्यायला घेऊन गेले. वाटेत रिक्षात ते आपले ओरखडे निरखत होते. "मागच्या पायांनी जास्त मारती," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्यांना दिसलं नाही हे बरं झालं.

मग ते रोज यायला लागले. सरांनी त्यांना उभ्याचे डाव शिकवायला सांगितले, समोरच्याचे पाय ओढणारा पट आणि पाय आडवा घालून उडवणारी टांग. मातीऐवजी मॅट म्हणजे गादीवर कुस्ती खेळणं, असं कुरकुरत बाबांनी कबूल केलं. आणि मला एकाच हॉलमध्ये दोन वस्ताद मिळाले, एकमेकांशी कशातही न जुळणारे.

बाबा समजावत नसत. मान चुकीची असेल तर ती धरून योग्य जागी दाबायची आणि म्हणायचं, "कर." केलं की पुन्हा "कर." का, कशासाठी, हे विचारलं तर पाठीत धपाटा. एकच टांग, संध्याकाळभर, घामाने डोळे चुरचुरेपर्यंत. सर हात लावत नसत. ते लांब उभे राहून प्रश्न विचारायचे. "का पडलीस, बाय? वजन कुठे होतं तुझं? आता समोरच्याने दुसरा हात धरला असता तर?" मी उत्तर चुकले तरी ते 'बरं' म्हणायचे आणि चुकीच्या उत्तरानेच मला खेळायला लावायचे, म्हणजे चूक आपोआप अंगावर यायची. बाबांना ही पद्धत भयंकर वाटायची. शिकवणाऱ्यानेच शिकणाऱ्याला विचारायचं? "ह्यांना येत न्हाई वाटतं," असं ते मला हळूच म्हणाले होते, आणि त्यांचं हळू म्हणजे खालच्या लॅबपर्यंत.

मी दोघांच्या मध्ये सापडून भलतीच खूश होते. बाबांचं शिकवणं अंगात जाऊन बसायचं, मग अंग विचार न करता हलायचं. सरांचं शिकवणं डोक्यात राहायचं, रात्री छताकडे बघताना उलगडायचं. सर म्हणायचे, दोन्ही लागतं. बाबा म्हणायचे, दोन डगरींवर हात ठेवून कुणी कुस्ती मारली नाही. मला एकच प्रश्न पडायचा. दमल्यावर, घाबरल्यावर, श्वास संपल्यावर ह्यातलं कुठलं उरत असेल?

ते तपासायची संधी चिपळूणला मिळाली. तिथे ग्रॅपलिंगच्या स्पर्धा होत्या आणि चाळिशीपुढच्या बायकांचा एक गट होता. गट कसला, मी धरून तिघी. प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळायचं. खेळाडूच्या कोपऱ्यात एकच खुर्ची असते, एकाच शिक्षकाची. सर लगेच म्हणाले, "खुर्ची वस्तादांची. मी मागे उकिडवा बसेन."

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. मग म्हणाले, "येतो. पन एक सांगतो. पोरगी आपनहून पाठ लावताना दिसली, तर मी त्याच पावली निघून जाईन. परत या माडीवर पाय ठेवनार न्हाई."

ते थट्टा करत नव्हते. मला माझ्या बापाचा हट्ट माहीत आहे. एका मेहुण्याशी बोलायचं नाही म्हटलं तर तो जाईपर्यंत बोलले नाहीत. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "चालेल," आणि त्या दिवसापासून त्यांनी मला पाठीवरचं काही शिकवलं नाही. हरले तर हरले, त्याचं मला काही नव्हतं. पण बाबा परत व्हरांड्यातल्या त्या खुर्चीत जाऊन बसले तर?

चिपळूणला हॉलमध्ये इतका गोंगाट होता की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. माझी पहिली कुस्ती पुण्याच्या एका शिडशिडीत बाईशी होती. बाबा खुर्चीत ताठ, खांद्यावर टॉवेल. मी हात धरला, तिचं वजन पुढे आलं आणि माझं अंग मला न विचारता फिरलं. टांग अशी बसली की बाई हवेतून जाऊन पाठीवर आपटली. दोन्ही खांदे सपाट. एवढी स्वच्छ टांग मी जन्मात मारली नव्हती.

आणि मी तिला सोडलं. तिच्या अंगावरून उठले, बाजूला झाले आणि वळून बाबांकडे पाहिलं. ते केव्हाच खुर्ची सोडून उभे होते. टॉवेल हवेत उडाला होता. "चीत!" ते ओरडले. आम्ही बापलेक एकमेकांकडे बघून हसलो, आणि तेवढ्यात माझ्या घोट्याला मागून कुणीतरी मिठी मारली. मी पडले, ती पाठीवर चढली, तिचा हात माझ्या हनुवटीखाली शिरला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी थाप मारली. पंचाने तिचा हात वर केला. बाबांचा टॉवेल अजून मॅटच्या कडेला पडलेला होता.

कोपऱ्यात आले तर बाबा पंचाच्या सात पिढ्या काढत होते. सर मला म्हणाले, "का सोडलंस, बाय?"

"चीत झाली म्हणून," मी म्हटलं, आणि ते ऐकताना मलाच ते किती वेडगळ आहे ते कळलं. कितीतरी महिने मी हा खेळ खेळत होते. नियम मला पाठ होते. पण सोडलं ते नियम पाठ असलेल्या बाईने नाही, मातीतल्या पोरीने सोडलं होतं.

बाबा बोलायचे थांबले. "मीच शिकवलंय," ते सरांना म्हणाले. "पडलेल्याला सोडायचं. मीच." मग ते वाकले, टॉवेल उचलला आणि त्याची नीट घडी घालत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसरी बाई सांगलीकडची होती. दंड बघूनच बाबांनी ओळखलं. "ही आपल्यातली हाय. मातीतली," ते म्हणाले. आणि खरंच, तिने हात मिळवायच्या आधी मॅटला हात लावून कपाळाला लावला. पहिल्याच झटक्यात तिने पट काढून मला पाडलं. पडतापडता मी वळले आणि पोटावर आदळले, कारण पाठ वाचवायची. ती माझ्यावर चढली आणि मला उलथवायला लागली. मी मॅटला चिकटून राहिले. ती उलथवतेय, मी चिकटतेय. दोघी मिळून जत्रेतली कुस्ती खेळत होतो, आणि तिकडे गुण तिच्या नावावर होते आणि वेळ संपत चालली होती.

मला कळत होतं. पाठीवर वळायचं, पाय मोकळे करायचे, एवढंच करायचं होतं. मागून सरांचा आवाज येत असणार, पण गोंगाटात तो पोचत नव्हता, किंवा पोचत असून मी ऐकत नव्हते. माझं नाक मॅटला दाबलेलं, श्वास आखूड झालेला. मी वळले तर बाबा निघून जातील, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गेले, मला वाटलं. मी वळलेसुद्धा नाही, तरी गेले.

पुढचं मला सरांनी नंतर सांगितलं. ते मागून दोनतीनदा ओरडले आणि मग बाबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "वस्ताद, माझं नाय ऐकत ती. तिच्या कानात एकच आवाज जातोय, तुमचा. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही सांगा." बाबा त्या बाईकडे बघत होते, तिचे हात कसे चाललेत ते बघत होते. मांजरीकडे बघायचे ना, तसे. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, थेट मॅटच्या कडेला.

"पाठ लाव!"

तो आवाज मी जन्मापासून ओळखते. पण शब्द ओळखीचे नव्हते.

"पोरी, पाठ लाव! ती ढिली पडंल! लाव पाठ!"

आयुष्यभर ज्या माणसाने मला आणि शंभर पोरांना नेमकं उलटं सांगितलं, तो ते ओरडत होता, घसा फोडून. मी वळले. ती ओढतच होती, मी फक्त अडवायचं थांबवलं. माझे दोन्ही खांदे मॅटला सपाट लागले आणि वर छताचे दिवे दिसले. आणि बाबा म्हणाले तसंच झालं. तिची पकड सुटली. तिने मान वळवली आणि आपल्या कोपऱ्याकडे पाहिलं, अगदी माझ्यासारखं. तिचा एक हात माझ्या छातीवर तसाच राहिला होता. मी तो दोन्ही हातांनी कवटाळला, पाय तिच्या तोंडावरून पलीकडे टाकला आणि कंबर उचलली. तिने थाप मारली.

पंचाने आम्हाला सोडवलं. ती बाई उठून बसली, कोपर चोळलं आणि कपाळावर हात मारून हसली. मला हसता येईना, मी ढसाढसा रडत होते. वळून पाहिलं तर बाबा या खेपेला खुर्चीच्या कडेवर बसूनच, दोन्ही मुठी आवळून, "सोडू नगंस! सोडू नगंस!" असं अजून ओरडतच होते. टॉवेल घडी घातलेला मांडीवर.

"अहो वस्ताद," सर त्यांचा खांदा धरून म्हणाले, "संपली."

बाबांनी आधी पंचाकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, मग माझ्याकडे.

"नक्की संपली?" त्यांनी मला विचारलं. "मग उठू का आता?"